पालखीची दुसरी हाक

आमच्या घरी पालखी कधीच आली नाही. अल मनखूलमधल्या त्या फ्लॅटच्या दारात मी दर फाल्गुनात रांगोळी काढली, बुर दुबईच्या देवळाशेजारच्या गल्लीतून खण-नारळ आणून ठेवले, आणि पालखी दर वर्षी माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या घरी जात राहिली. दुसरं घर म्हटलं की लोकांच्या मनात जे येतं तसं ते नव्हतं. ती उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका बोटींच्या कारखान्यातली, पत्र्याच्या छपराची कामगारांची खोली होती. लग्नाआधी हे तिथे राहत. पण दुसऱ्या घराविषयी एखाद्या बाईला जे जे वाटावं, ते सगळं मला त्या खोलीविषयी वाटत असे. हे गेल्यावरही ते कमी झालं नाही.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे शिमगा म्हणजे दारापुढची होळी आणि दुपारची पोळी. संध्याकाळी राख भरून टाकली की सण संपला. ह्यांचं गाव रत्नागिरीकडे खाडीच्या काठी. तिथे फाल्गुनात देवच देवळातून बाहेर पडतो, सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, येऊन बसतो आणि मग पालखीतून घरोघर जातो. गणपतीला नाही गेलं तर देव समजून घेतो, शिमग्याला नाही गेलं तर घर रुसतं, असं हे म्हणत. आखातात आलेल्या माणसाला रजा दोन वर्षांनी एकदा, तीही कंपनीच्या सोयीने. त्यामुळे त्या गावची पुष्कळशी घरं दर वर्षी रुसूनच असणार.

कारखान्यातला शिमगा कसा सुरू झाला ते मी ह्यांच्याकडून अनेकदा ऐकलं, आणि दर वेळी त्यात थोडा फरक असे. एवढं पक्कं, की ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी गावच्या कुणालाच रजा मिळाली नव्हती. माघात परत आलेल्या एकाने देवाच्या पायाशी ठेवलेला नारळ बरोबर आणला होता. तो फोडून खायचा की ठेवायचा, यावर कॅम्पमध्ये आठवडाभर वाद झाला. शेवटी शुक्रवारी जेवणं झाल्यावर एका सुताराने तो बोटीच्या इंजिनाच्या रिकाम्या खोक्यात ठेवला, खोक्याला दोन पाइप बांधले, आणि चौघांनी ते खांद्यावर घेतलं. रेझिनचं निळं पिंप ढोल झालं. फाटकावरच्या पठाण वॉचमनला वाटलं, उन्हाने माणसांची डोकी फिरली. त्याने अरबाबला, म्हणजे मालकाला, बोलावून आणलं.

अरबाब म्हातारा होता. खुर्ची मागवून बसला. मल्याळी क्लार्ककडून त्याने विचारवलं की पेटीत काय आहे. नारळ, असं उत्तर गेलं. त्याने परत विचारवलं. परत नारळच. मग तो हसला, आणि त्याने तीन अटी घातल्या: भिंतीच्या आतच फिरायचं, आग पेटवायची नाही, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेआधी सगळं खलास. दिव्याची वात आगीत धरायची नाही, हे क्लार्कने त्याच्याकडून वेगळं मान्य करून घेतलं. पुढे नवीन आलेली पोरं या अटी देवानेच घातल्या आहेत असं समजू लागली. बांग व्हायच्या आत पालखी सहाणेवर बसली नाही तर वर्ष वाईट जातं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

अशी ती मिरवणूक वर्षानुवर्षं चालली. खोक्याच्या जागी सुताराने डेकच्या उरलेल्या सागवानाची खरी पालखी केली. पालखीपुढे नाचणाऱ्या संकासुराचे काळे कपडे गावातल्या शिंप्याकडून आले, पण त्याची पांढरी दाढी कारखान्यातल्या काचतंतूंची, फायबरग्लासची होती. ती लावली की पुढे दोन दिवस अंग खाजायचं. बाईच्या वेषातली गोमू होऊन नाचायचा तो वेल्डर माझी साडी मागून नेई आणि रेझिनचे डाग पाडून परत पाठवी. नव्वदच्या सुरुवातीला काही वर्षं शिमगा रमजानात आला, तेव्हा ईद होईपर्यंत देवाला थांबवलं. पुढे शहरात खरेदीचा मोठा उत्सव सुरू झाला, खाडीकाठच्या रस्त्यावरून दिव्यांनी मढवलेले ट्रक निघू लागले. ते पाहून आलेल्या पोरांनी पालखीला ट्रकच्या बॅटरीवरची रंगीत माळ लावली. गाऱ्हाणं घालणारे रंगारीकाका त्या वर्षी रागावून देवाशी एक शब्दही जास्त बोलले नाहीत.

कुवैतचं युद्ध संपल्यावर मी लग्न करून आले. शाळेच्या ग्रंथालयात मला काम मिळालं, म्हणून आम्ही दुबईत घर घेतलं आणि हे रोज कंपनीच्या पिकअपने उम्म अल कुवैनला जाऊ लागले. ते तिथे स्टोअरकीपर होते. फाल्गुनात मात्र गुरुवारी कामावर गेलेले हे शुक्रवारी संध्याकाळी परत येत, घोगऱ्या आवाजाने आणि मानेवर काचतंतू घेऊन. मी खोबरेल लावत बसे. मानेवरून बोट फिरवलं की ते बारीक काटे माझ्याच बोटांत रुतत. कसा झाला शिमगा, असं विचारलं तर म्हणत, "झाला." एवढंच. पुस्तकांतून मला देशोदेशींच्या मिरवणुकांची माहिती मिळे, मुखवटे कुठून आले, पालख्या कुठे नि कशा निघतात. माझ्या घरातल्या मिरवणुकीची माहिती मात्र मला एका शब्दात मिळे.

मुलगी चार-पाच वर्षांची असताना मी हट्टाने गेले. बायकांनी यायचं नाही असा नियम नव्हता, कारण तिथे बायकाच नव्हत्या. आम्हा दोघींसाठी अरबाबशेजारी आणखी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. अर्धवट झालेल्या बोटींच्या पांढऱ्या सांगाड्यांमधून ती मिरवणूक आली. पुढे संकासुर कमरेचे घुंगरू वाजवत, मागे पिंप आणि गावाहून आलेला एक खरा ढोल, आणि मग पालखी. पुढच्या दांडीखाली माझा नवरा होता.

घरी हे गाणं लागलं तरी पायाने ताल न धरणारे. लग्नाच्या वरातीत भावाने हात धरून ओढलं तर चपलेचा बंद सुटल्याचं निमित्त करून बाजूला झालेले. तो माणूस डोळे मिटून, गुडघ्यात वाकून, पालखी छातीपर्यंत खाली आणून पुन्हा वर फेकत होता. चेहऱ्यावर असं काही होतं जे मी कधी पाहिलं नव्हतं आणि जे माझ्यामुळे आलेलं नव्हतं. माझ्या मुलीने विचारलं, "इज दॅट बाबा?" मला तिला हो म्हणायला वेळ लागला.

मग पालखी घरं घेऊ लागली. त्यांच्या गावचा रिवाज असा, की ज्यांची चूल एक त्यांचं घर एक. भाऊ चार असोत, चूल एक असेल तर एकच ताट, एकच नाव. कॅम्पमध्ये तोच रिवाज स्टोव्हला लावला होता. जे एका स्टोव्हवर रांधून जेवतात ते एक घर. दारात पाट मांडायचा, त्यावर पालखी टेकायची, रंगारीकाका घराच्या नावाने मोठ्याने हाक घालून गाऱ्हाणं सांगायचे, आणि सगळे होय महाराजा म्हणायचे. स्टोअरच्या शेजारच्या खोलीपाशी पालखी आली, आणि हाक पडली ती ह्यांच्या नावाची. गावच्या आडनावासकट, वडिलांच्या नावासकट.

मी खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता कुणीतरी मला बोलावणार.

खोलीतून ताट घेऊन तो सुतार बाहेर आला. पालखी बांधणारा तोच. ह्यांच्या शेजारच्या वाडीतला, माझ्या येण्याआधी कितीतरी वर्षं ह्यांच्याबरोबर त्या खोलीत राहिलेला. त्याने पालखीला ओवाळलं, खण वाहिला, तांदूळ वाहिले. त्याच्या ताटात पितळेचं एक निरांजन होतं, देठाशी किंचित वाकलेलं. ते माझ्या आईचं होतं. घर लावताना हरवलं म्हणून मी दोन वर्षं ते शोधलं होतं.

परत येताना शारजाच्या गर्दीत पिकअप अडकली. मुलगी झोपली होती.

"ते निरांजन माझं आहे," मी म्हटलं.

"हो."

"मला विचारलं का नाही?"

"तू दिलं नसतंस. आणि तो वाटीत वात लावायचा, बरं दिसत नव्हतं."

"पालखी आपल्या घरी का येत नाही?"

"आत्ता आली की."

"ते आपलं घर नाही."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, की पालखी चूल धरते. एकदा धरलेली चूल ती आपण होऊन सोडत नाही. गावात माणसं मुंबईला गेली तरी बंद दारासमोर पालखी थांबते. मी म्हटलं, चूल तर माझ्याकडे आहे, तुम्ही माझ्या हातचं जेवता. त्यावर ह्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली, आणि मला पुढचं विचारावं लागलं. तेव्हा कळलं की माझा डबा रोज दुपारी सुतार खातो. ह्यांना त्याच्या हातचं मासळीचं कालवण लागतं. माझ्या घरात मासे शिजत नसत. डबा रोज स्वच्छ घासून परत येई, आणि मी इतकी वर्षं त्या स्वच्छ डब्यावर खूश होते.

त्यानंतर मी त्या खोलीकडे कधी सरळ मनाने पाहू शकले नाही. सुतार अधूनमधून आमच्याकडे येई. मुलीसाठी त्याने सागवानी पाळणा केला, बाहुलीचा. जेवायला बसला की म्हणे, "वयनी, तुमची वांगी मला तोंडपाठ हायत." हे हसत. मी वाढत राही. कधी तो म्हणे, "तुमी आलात आनि आमचा गडी शहरात गेला. नायतर आता आमी दोघांनी गावी माडी बांधली असती." थट्टाच होती, पण त्याच्या डोळ्यांतही मला माझ्यासारखाच मत्सर दिसे, आणि त्याला त्या दोन डोळ्यांतही जागा असावी याचा मला राग येई.

मी मागणं सोडलं नाही. पालखी एकदा तरी माझ्या दारात यायला हवी होती. शेजारच्या गुजराती वहिनींना मी सांगून ठेवलं होतं, ग्रंथालयातल्या शिपायालाही. दर वर्षी फाल्गुन आला की विषय निघे, आणि दर वर्षी हे म्हणत, बघू, रंगारीकाकांना विचारतो. शेवटी एका वर्षी काकांनी परवानगी दिली. घरं सगळी घेऊन झाली की पालखी पिकअपमधून अल मनखूलला जाईल, आणि एका दिवसापुरती चूल माझी धरली जाईल.

मी पुरणपोळ्या केल्या. बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलं, लिफ्ट अडवून ठेव. वीसेक माणसं येणार होती. पाट मांडला, ताट केलं. नवीन निरांजन घेतलं होतं, जुनं मागायची माझी तयारी नव्हती.

दुपार उलटली. फोन वाजला तो एका ग्रोसरीतून. हे बोलत होते, मागे ढोल वाजत होता.

झालं होतं ते असं. पालखी पाटाशिवाय कुठे टेकवायची नाही हा नियम. पिकअपच्या पत्र्यावर पाट ठेवून भागवू, असं हे म्हणाले. सुतार म्हणाला, चालत्या गाडीत पाट हलतो, हलत्या पाटावर देव बसत नाही, खांद्यावरच घ्यायची. म्हणून चार माणसं पिकअपच्या मागच्या हौद्यात उभी राहिली, पालखी खांद्यावर घेऊन, आणि संकासुर टपावर हात टेकून. उम्म अल कुवैनची हद्दही ओलांडली नव्हती. एका राउंडअबाउटवर ट्रॅफिकच्या पोलिसाने थांबवलं. चिडला नाही बिचारा. संकासुराच्या दाढीला हात लावून पाहिला म्हणे. पण उभ्या माणसांची गाडी पुढे सोडायला तो तयार नव्हता. बसा, नाहीतर उतरा. बसायचं तर पालखी खाली ठेवावी लागणार. मग ते उतरले, आणि भर रस्त्याच्या कडेने पालखी नाचवत, चालत कारखान्यात परत गेले. भिंतीच्या आत राहण्याची अरबाबची अट त्या दिवशी एकदाच मोडली गेली, आणि ती माझ्यासाठी.

"बांगेच्या आत पोचायला हवं," हे म्हणाले. "तुझ्या पोळ्या शनिवारी घेऊन येतो इकडे."

पोळ्या शनिवारी गेल्या. सुताराने तोंडभरून तारीफ पाठवली. मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते, की पाट हलतो हे त्याला देवासाठी सुचलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरच्या एका पौषात हे गेले. कारखान्यात, दुपारी, त्या खोलीत, जेवून आडवे झालेले असताना. मला शाळेत फोन आला. त्यांचं शेवटचं जेवण काय होतं हे मी कुणाला विचारलं नाही, मला माहीत होतं. आम्ही त्यांना गावी नेलं, दिरांनी सगळं केलं. मुलीची परीक्षा होती म्हणून मी दिवस होताच परत आले. कामावर जाताना माझ्या अंगावर काही खूण नव्हती. त्याच साड्या, तीच केसांची गाठ. कपाळ तर मी आधीपासूनच शाळेत मोकळं ठेवत असे. पुस्तकं परत घ्यायची, शिक्का मारायचा. नवीन आलेल्या शिक्षिकेला वर्षभर कळलंही नाही.

फाल्गुनाच्या सुरुवातीला सुतार घरी आला. मी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलं नाही. त्याने मिशी काढली होती, डोक्यावरचे केस नुकते कुठे बोटभर उगवत होते. सख्ख्या भावाने करावं तसं त्याने कॅम्पमध्ये दहाव्याला केस उतरवले होते. मासळी सोडली होती. काळवंडलेल्या त्या उघड्या चेहऱ्यावर सगळ्या जगाला वाचता येईल असं दुःख लिहिलेलं होतं. मी पाणी आणायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. रडू येत नव्हतं. मला त्याच्या डोक्याचा हेवा वाटत होता.

त्याने ह्यांची ट्रंक आणली होती. खोलीवर त्यांची अजून एक ट्रंक होती हेही मला नवीन होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "वयनी, यंदा खोलीवर पालखी घेनार नाय. दाराशी वाजप बंद करून पुढं जातील. सुतक."

"सुतक माझ्या घरात आहे," मी म्हटलं.

"व्हय. पन तुमच्या घरी पालखी येतच नव्हती."

वाईट हेतूने बोलला नाही. ती माहिती होती, आणि खरी होती. पालखी जाणारच नसेल तर न जाण्याचंही काही राहत नाही. ह्यांच्या मृत्यूने त्या शिमग्यात जी एक जागा रिकामी पडणार होती, ती त्या खोलीच्या दारातली होती. माझ्या दारात काहीच बदलणार नव्हतं. तो गेल्यावर मी ट्रंक उघडली. दोन लुंग्या, एक जुना स्वेटर, आणि कागदात गुंडाळलेली काचतंतूंची दाढी. स्वेटर मी नाकाशी धरला. त्याला कालवणाचा वास येत होता.

वर्षश्राद्ध झालं आणि पुन्हा फाल्गुन आला. त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसभर इराकच्या बातम्या होत्या, शाळेत मुलं एकमेकांना आता काय होणार म्हणून विचारत होती. कारखान्यातला शिमगा होणार की नाही हेही नक्की नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी मुलीला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मम्मा, आर यू शुअर?" मी ताट करून घेतलं. नारळ, खण, तांदूळ, आणि माझं विकतचं निरांजन. टॅक्सीवाल्याने उम्म अल कुवैनचे जास्त मागितले, मी घासाघीस केली नाही.

अरबाबची खुर्ची तिथेच होती, अरबाब आणखी म्हातारा झाला होता. मी त्याच्या शेजारी बसले नाही. पालखी निघायच्या आधीच ताट घेऊन स्टोअरशेजारच्या त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. खोलीत सुतार त्याचं ताट लावत होता. त्याने मला पाहिलं, निरांजन पाहिलं. "बसा वयनी," म्हणाला. मी बसले नाही. तो उठला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

पालखी आली. पुढच्या दांडीखाली आता एक तरुण माणूस होता, चांगला नाचत होता. पालखी पाटावर टेकली. रंगारीकाकांनी ह्यांच्या नावाची हाक घातली, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आम्ही दोघंही ताट घेऊन पुढे झालो.

ढोल आणि पिंप वाजत राहिले, मग एकेक करून थांबले. एक जुने मिस्त्री घसा खाकरून म्हणाले की वयनींच्या हातात ताट बरं नव्हे, पोरीच्या हातात द्या. मी ताट सोडलं नाही. मुलीने जवळ येऊन त्याची दुसरी कड धरली. सुतारही हलला नाही. त्याच्या मिशा परत आल्या होत्या, पुष्कळशा पांढऱ्या. उन्हात दोन वाती जळत होत्या, दोन्ही दिसत नव्हत्या.

"काका," सुतार म्हणाला, "ही चूल माझी हाय. मी हितंच रांधतो, हितंच जेवतो."

"नाव माझ्या नवऱ्याचं आहे," मी म्हटलं. "हाक त्यांची आहे."

रंगारीकाकांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. माझ्या मनात होतं की आता मला समजावतील, बाईसारखं. तसं त्यांनी केलं नाही. ते पालखीकडे वळले आणि देवाला सांगावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की भाऊ भाऊ वेगळे झाले, जमेनासं झालं, तर पालखी काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. दार तेच राहतं, चुली दोन धरायच्या, ताटं दोन, हाका दोन. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "वाटणी झाली म्हणायची. भांड्यांत काय हवं असलं तर आत्ताच बोला, मागून देवासमोर भांडण नको."

"ते निरांजन," मी म्हटलं.

सुताराने ते ताटातून उचललं, वातीसकट माझ्या ताटात ठेवलं. माझं विकतचं त्याने स्वतःच्या ताटात घेतलं. मग मला जे खरं हवं होतं ते मी मागितलं. "आणि पहिली हाक माझी."

"ती मिळनार नाय वयनी," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो थट्टेशिवाय बोलत होता. "माझी चूल थोरली. तुमी यायच्या आदीपासून आमी दोघं हितं जेवत होतो."

मी रंगारीकाकांकडे पाहिलं. काका माझ्याकडे पाहत नव्हते. थोरल्या चुलीची हाक आधी, हा रिवाज मला माहीत होता. इतकी वर्षं या सणाविषयी जे जे मिळालं ते वाचून आणि विचारून मी गोळा केलं होतं, आणि तरी मागून पाहिलं.

हाक पडली. सुताराने ओवाळलं. होय महाराजा, सगळे म्हणाले. पालखी उचलली, जागच्या जागी एकदा नाचवली, आणि पुन्हा त्याच पाटावर टेकली. मग त्याच नावाची दुसरी हाक पडली, आणि मी पुढे झाले. मुलीने ताट सावरलं. पालखीतल्या त्या जुन्या नारळावर अक्षता टाकताना मला दिसलं की त्याच्या शेंडीवर जुना गुलाल आहे, गावचा. ह्यांचा हात त्याला कधीतरी लागला असेल. काकांनी गाऱ्हाण्यात माझ्या मुलीचं नाव घेतलं. सुतारही होय महाराजा म्हणाला, इतरांपेक्षा मोठ्याने.

तेव्हापासून कारखान्यातल्या शिमग्यात आमचं नाव दोनदा घेतात. पुढच्या वर्षीही मी गेले. निरांजन आता माझ्या देव्हाऱ्यात असतं, फाल्गुनात तेवढं ताटातून तिकडे नेते. सुतार मला चहा देतो, मुलीची चौकशी करतो, मी त्याच्यासाठी वांगी नेते. आम्ही ह्यांच्याविषयी फारसं बोलत नाही. विभक्त झालेले भाऊ वडिलांविषयी बोलत नाहीत, तसं.

पालखी दाराशी येते तेव्हा मी ताट घेऊन त्याच्या मागे उभी असते आणि पहिली हाक ऐकते. रंगारीकाकांचं वय झालं आहे. पहिल्या हाकेला ते छाती भरून नाव घेतात, ते बोटींच्या सांगाड्यांवरून भिंतीपर्यंत जातं. दुसऱ्या हाकेपर्यंत त्यांचा आवाज थोडा बसलेला असतो.